रावेरला गाडी नुसती टकटक करत होती

मे महिन्यात पहाटे केळीच्या बागेत निघालो, तर चावी फिरवली की नुसतं टक-टक-टक. शेजारी म्हणाले, "भाऊ, बॅटरी गेली, नवीनच टाका." मी आधी मल्टिमीटर (व्होल्टेज मोजायचं यंत्र) लावला. 12.5 व्होल्ट, म्हणजे बॅटरी चांगली भरलेली. मग बायकोला चावी फिरवायला सांगून पुन्हा मोजलं. बॅटरीच्या खुंटावर 12 च्या वर, पण त्यावर बसलेल्या वायरच्या क्लॅम्पवर जेमतेम 6! जोडणीतच अडलं होतं. आधी निगेटिव्ह, मग पॉझिटिव्ह वायर काढली. आत पांढरट-हिरवा थर. खाण्याच्या सोड्याचं कोमट पाणी, पॉलिश पेपर, मग घट्ट आवळून वरून व्हॅसलीन. पहिल्याच सेल्फला चालू! एकच जोराचा 'टक' आला असता, तर मात्र आधी सोलेनॉइड (स्टार्टरला करंट जोडणारा स्विच) आणि इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर तपासली असती.