शिडाच्या बोटीवरचा आठवडा: बेटं कमीच ठेवा

कॅरिबियनमधल्या ग्रेनेडीन्स बेटांवर कप्तान-खलाशांसह शिडाची बोट भाड्याने घेणार असाल, तर रोज नवं बेट गाठायचा हट्ट धरू नका. बेक्वे, मायरो ही बेटं आणि टोबॅगो केज हा चिमुकल्या बेटांचा समूह, एवढं आठवड्याला पुरतं. टोबॅगो केजला तर दोन रात्री थांबाच. तिथल्या बाराडाल बेटाजवळ उथळ पाण्यात समुद्री कासवं चरताना दिसतात. वारा बहुधा पूर्वेकडून, म्हणजे बाजूने मिळतो, त्यामुळे दक्षिणोत्तर प्रवास सुखाचा. मात्र डिसेंबर-जानेवारीत वारा जोर धरतो. बोटीवर मळमळत असेल तर मार्च-एप्रिल निवडा. जून ते नोव्हेंबर चक्रीवादळांचा काळ. १ जुलै २०२४ रोजी बेरिल वादळाने ग्रेनेडीन्समधलं युनियन बेट उद्ध्वस्त केलं होतं. शाकाहारी असाल तर कप्तानाला आधीच लिहून कळवा, कारण लहान बेटांवर भाजी मोजकीच मिळते.