सीपॅनेलमधून वेबसाइटच्या फायली कशा चढवाव्यात

वसमतची हळद, जालन्याची मोसंबी, बीडचं सीताफळ यांना भौगोलिक मानांकन मिळालं आहे. असा माल थेट गिऱ्हाइकाला विकायचा तर शेतकरी गटाची स्वतःची वेबसाइट हवी. पण साइट बनवणारा मुलगा नांदेडला आणि सीपॅनेलचा, म्हणजे साइट सांभाळायच्या नियंत्रण-पानाचा, पासवर्डही त्याच्याचकडे, म्हणजे साधा दर बदलायलाही त्याच्या फोनची वाट बघायची. हे मला पटत नाही. होस्टिंगचं (साइट ठेवायला भाड्यानं घेतलेल्या जागेचं) लॉगिन गटाकडेच असावं आणि फायली चढवणं गटातल्या निदान दोघांना यावं. संगणकावर फाइल कॉपी करता येत असेल तर हेही जमेल.

साइट बनवणाऱ्याकडून फायली मागवताना सगळ्या मिळून एकच झिप (सगळ्या फायली एकत्र बांधलेली फाइल) मागवा. सुटे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून आले की त्यांची नावं बदलतात, दर्जाही उतरतो. मग पानावर फोटोच्या जागी रिकामी चौकट दिसते. झिप करतानाही एक गोष्ट बघा: फोल्डर उघडून आतल्या सगळ्या फायली निवडायच्या आणि त्यांची झिप करायची. वरच्या फोल्डरचीच झिप केली तर साइट एक पायरी आत अडकते आणि नुसतं डोमेन (साइटचा पत्ता) टाकून उघडत नाही.

आता सीपॅनेलमध्ये लॉगिन करा आणि ‘फाइल मॅनेजर’ उघडा. डावीकडे ‘पब्लिक_एचटीएमएल’ नावाचं फोल्डर दिसेल. मुख्य डोमेनवर लोकांना दिसतं ते याच्या आतलं. एकाच होस्टिंगवर दुसरं डोमेन जोडलेलं असेल तर त्याचं फोल्डर वेगळं असू शकतं. ते ‘डोमेन्स’ या पानावर पाहून घ्या.

जुनी साइट चालू असेल तर आधी या फोल्डरवर राइट क्लिक करून ‘कॉम्प्रेस’ करा आणि ती झिप डाउनलोड करून ठेवा. एकदा जुन्या फाइलवर नवी बसली की जुनी परत मिळत नाही, म्हणून ही पायरी घाईतसुद्धा सोडू नका.

मग फोल्डरच्या आत जाऊन वरचं ‘अपलोड’ दाबा, झिप निवडा, पट्टी १०० टक्के होऊ द्या. मध्येच लाइट गेली किंवा रेंज तुटली तर एक झिप पुन्हा चढवणं सोपं. सुट्या शेकडो फायलींपैकी कोणती राहिली हे शोधणं फार अवघड. फाइल मॅनेजरमध्ये परत आल्यावर झिपवर राइट क्लिक करून ‘एक्स्ट्रॅक्ट’ करा. सगळं नीट उघडलं की झिप तिथून काढून टाका. ती तशीच राहिली तर जिला नाव माहीत आहे अशी कोणतीही व्यक्ती ती उतरवून घेऊ शकते.

साइट उघडली नाही तर आधी नावं तपासा. पहिल्या पानाचं नाव ‘इंडेक्स’ (index) असायला हवं, तेही सगळ्या लहान इंग्रजी अक्षरांत. विंडोजला लहान-मोठ्या अक्षरांचा फरक पडत नाही, होस्टिंगच्या लिनक्स सर्व्हरला पडतो. लॅपटॉपवर दिसणारा हळदीचा फोटो साइटवर गायब होण्यामागे बहुतेक वेळा हेच कारण असतं. नावांत मोकळी जागा आणि मराठी अक्षरंही टाळा. ‘फॉरबिडन’ असं आलं तर परवानग्या (फाइल कोणाला वाचता-बदलता येईल ते ठरवणारे आकडे) बघा: फोल्डरला ७५५, फाइलला ६४४. होस्टिंगवाल्यांचं ‘लवकरच येत आहे’ असं पान दिसत असेल तर त्यांची जुनी इंडेक्स फाइल आत राहिलेली असते, तिचं नाव बदला.

मराठी मजकुराच्या जागी अगम्य चिन्हं दिसली तर मजकूर डीटीपीच्या जुन्या फॉन्टमधला असू शकतो. पत्रकं छापून घेताना बनवलेला मजकूर तसाच चिकटवला की असं होतं. तो युनिकोडमध्ये (कोणत्याही फोनवर नीट दिसणाऱ्या अक्षरांत) करून घ्या, आणि फाइल यूटीएफ-८ या युनिकोडच्या प्रकारातच सेव्ह करा.

बदल करूनही जुनंच पान दिसत असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि आर एकत्र दाबा. शेवटी दुसऱ्याच कुणाच्या मोबाइलवर, मोबाइल डेटावर साइट उघडा आणि दरपत्रकापासून फोन नंबरापर्यंत प्रत्येक दुवा दाबून बघा.