घरी कॅल्शियम ॲसिटेट कसं बनवायचं (आणि शेवटी कुठे फसायचं नाही)

व्हिनेगरमधलं ॲसिटिक ॲसिड आणि कॅल्शियम यांचं जे पांढरं मीठ होतं ते म्हणजे कॅल्शियम ॲसिटेट. बनवायला अगदी सोपं आहे, पण शेवटच्या टप्प्यावर बरेच जण अडकतात, मीपण अडकलो होतो.

सामान म्हणजे ५ टक्क्यांचं पांढरं व्हिनेगर २०० मिली आणि दोन-तीन अंड्यांची टरफलं, बस. हिशोब असा की २०० मिलीत ॲसिड साधारण १० ग्रॅम, ते संपवायला कॅल्शियम कार्बोनेट ८.३ ग्रॅम लागतं, आणि टरफल जवळपास ९५ टक्के तेच असतं. तरी १२ ग्रॅम घ्या, कारण जास्तीचं टरफल गाळून काढता येतं, जास्तीचं ॲसिड नाही. टरफलाऐवजी खडू चालतो असं लोक सांगतात पण फळ्यावरचे बरेच खडू जिप्समचे असतात, मी एकदा तसेच टाकले आणि अर्धा तास ग्लासकडे बघत बसलो, एक बुडबुडा येईल तर शपथ. आधी खडूवर थेंबभर व्हिनेगर टाकून बघा.

१. टरफलं पाच मिनिटं उकळा, आतला पापुद्रा सोलून काढा, वाळवून बारीक कुटा. पापुद्रा राहिला तर द्रावण घाण वास मारतं.

२. मोठ्या काचेच्या भांड्यात पूड घेऊन व्हिनेगर थोडं थोडं ओता. एकदम ओतलंत तर फेस भसकन वर येऊन ओट्यावर पसरणार, कारण एवढ्यातून दोन लिटरच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणूनच झाकण घट्ट लावायचं नाही.

३. रात्रभर ठेवा, मधूनमधून ढवळा. शेवटी शेवटी बुडबुडे फार हळू येतात, घाई नको. व्हिनेगरचा झणका गेला आणि तळाशी पूड उरली की समजा झालं. मग फिल्टर पेपरमधून गाळा.

४. आता खरी गंमत. मीठ-साखरेच्या सवयीने मी द्रावण आटवून घट्ट केलं आणि गार करत ठेवलं, म्हटलं सकाळी छान स्फटिक मिळतील, सकाळी बघतो तर काही नाही! कारण हा पदार्थ उलटा वागतो, ० अंशाला १०० मिली पाण्यात ३७ ग्रॅमच्या वर विरघळतो आणि १०० अंशाला जेमतेम ३० ग्रॅम, म्हणजे गार केल्यावर तो उलट जास्तच विरघळतो. तेव्हा पाणी उडवणं हाच मार्ग. स्टीलच्या किंवा काचेच्या पसरट भांड्यात मंद आचेवर आटवा, वर पांढरी साय धरायला लागली की आच बंद करा आणि उरलेलं उन्हात वाळू द्या. कोरडं पडेपर्यंत गॅसवर ठेवलं तर ते तडतडून अंगावर उडतं, आणि १६० अंशांच्या वर गेलं तर त्याचं विघटन होऊन ॲसिटोनची वाफ निघते जी लगेच पेट घेते.

सगळं नीट झालं तर हाती १३-१४ ग्रॅम पडेल, प्रत्यक्षात थोडं कमीच.

ते ॲसिटोन मात्र एके काळी मुद्दाम असंच काढायचे, कॅल्शियम ॲसिटेट कोरडं तापवून. कॉर्डाइट नावाच्या दारूगोळ्यासाठी ते लागायचं, पहिल्या महायुद्धात ब्रिटनला ते कमी पडायला लागलं तेव्हा खाइम वाइझमन या रसायनशास्त्रज्ञाने जिवाणूंकडून ॲसिटोन बनवायची पद्धत आणली.

आज हा पदार्थ ई२६३ नावाने खाण्याच्या वस्तूंत घालतात, आणि किडनीच्या पेशंटना जेवणातलं फॉस्फेट बांधून ठेवण्यासाठी औषध म्हणूनही देतात. पण ते शुद्ध, मोजूनमापून दिलेलं असतं, हे घरचं तोंडात घालायचं नाही म्हणजे नाही.

करून बघायचं तर जेल करा. पाण्यात विरघळेल तेवढं विरघळवून त्यातलं १० मिली घ्या आणि ९० मिली कडक अल्कोहोलमध्ये एका दमात ओता, अल्कोहोलात ते विरघळत नाही त्यामुळे डोळ्यांदेखत सगळं गोठल्यासारखं थिजतं. ही जेल पेटते, ज्योत उजेडात जवळजवळ दिसतच नाही, म्हणून पेटवायच्या भानगडीत पडू नका.

उरलेली पूड घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा, हवेतलं पाणी ओढून ती ओलसर होते. आणि बरणीवर नाव लिहा, दिसायला ती सरळ मिठासारखीच असते.