नाताळची सजावट, हप्त्याहप्त्याने

झाड २४ डिसेंबरच्या संध्याकाळी उभं करायचं आणि ६ जानेवारीच्या आसपास उतरवायचं, ही अनेक घरांतली जुनी रीत. आगमनकाळ, म्हणजे नाताळच्या आधीचा तयारीचा काळ, हाही चार रविवारांचा असतो. त्याचा पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्यामध्ये कधीतरी येतो. थोडक्यात, वेळ भरपूर असतो. एका शनिवारी दुपारी अख्खं घर सजवून टाकायचं आणि संध्याकाळी कंबर धरून बसायचं, हा नियम आपला आपणच केलेला आहे. तो मोडायचा कसा ते सांगते.

आधी विचारा, मग खोकी उतरवा

सगळे जेवायला बसले की प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा: कोणती गोष्ट नसेल तर तुला नाताळ वाटणार नाही? प्रत्येकाने एकच सांगायची. आमच्याकडे हे पहिल्यांदा विचारलं, तेव्हा जिन्याच्या कठड्याला मी दरवर्षी तासभर खपून गुंडाळायचे त्या हिरव्या माळेचं नाव कुणीच घेतलं नाही. मीसुद्धा नाही! लेकीला हवा होता तो पुठ्ठ्याचा देवदूत. तिनेच कधीतरी बालवाडीत केलेला, एक पंख गळून पडलेला, मागे डिंकाचा पिवळा डाग असलेला. माळ तेव्हापासून खोक्यातच आहे.

जी नावं निघतील तेवढंच करायचं. बाकीचं हौस आणि वेळ उरला तर.

दिवे सगळ्यात आधी

माळा झाडावर चढवण्याआधी जमिनीवर पसरून लावून बघा. न पेटणारी माळ फांद्यांतून सोडवण्यासारखं वैतागाचं काम नाही. वायर सोललेली दिसली तर माळ सरळ टाकून द्या. प्लगजवळच्या खालच्या फांदीपासून सुरुवात करा आणि माळ खोडापर्यंत आत नेऊन पुन्हा फांदीच्या टोकाशी आणत वर चढा. नुसती बाहेरून गुंडाळली की झाड बांधून ठेवल्यासारखं दिसतं. फुटाला शंभर दिवे असा एक ठोकताळा सांगतात, म्हणजे सहा फुटी झाडाला सहाशे. मी निम्म्यात भागवते, आजवर कुणी मोजलेले नाहीत.

दिवे एलईडीचे घ्या, ते कमी तापतात आणि वीजही कमी खातात. १८८२ साली न्यूयॉर्कमध्ये एडिसनचे सहकारी एडवर्ड जॉन्सन यांनी लाल, पांढरे, निळे असे ८० विजेचे दिवे घरच्या झाडाला लावले. तोवर फांद्यांवर खऱ्या मेणबत्त्या पेटवत. त्या जमान्याची कितीही आठवण काढावीशी वाटली, तरी झाडाजवळ मेणबत्ती नकोच.

झाड खरं असेल तर बुंध्याची खालची दोन-तीन सेंटिमीटरची चकती कापून ते लगेच पाण्यात ठेवा. उशीर झाला तर कापलेल्या जागी चीक धरतो आणि झाड पाणी ओढत नाही. पहिले काही दिवस ते भरपूर पाणी पितं, म्हणून रोज बघा. हीटरपासून लांब ठेवा.

मुलांनी लावलेलं हलवायचं नाही

काचेचे गोळे वरच्या फांद्यांवर, कागदी आणि लाकडी वस्तू खाली. घरात रांगणारं मूल किंवा मांजर असेल तर हे नक्की पाळा. एवढं सांगून झालं की आपण बाजूला व्हायचं. मुलं हाताला येईल त्याच उंचीवर सगळं लावतात, त्यामुळे एका फांदीवर नऊ चांदण्या आणि वरचा निम्मा भाग बोडका, असं होणारच. मुलं झोपल्यावर गुपचूप सारखं करायला जाऊ नका. मी एकदा केलं. सकाळी लेकीने झाडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि नऊच्या नऊ चांदण्या मुकाट्याने पुन्हा त्याच फांदीवर नेऊन टांगल्या.

गव्हाणी सावकाश भरू द्या

हा माझा सगळ्यात आवडता भाग. १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो गावी असिसीच्या संत फ्रान्सिस यांनी गवत, बैल आणि गाढव आणून येशूच्या जन्माचा देखावा उभा केला. घरातल्या देखाव्याचीही एका दिवसात मांडामांड करायची गरज नाही. सुरुवातीला नुसता रिकामा गोठा आणि थोडं गवत ठेवा. येशूचे आईवडील मरिया आणि योसेफ यांच्या मूर्ती घराच्या दुसऱ्या टोकाला ठेवा आणि रोज कुणीतरी एकाने त्यांना थोडं पुढे सरकवायचं. खिडकीची कड, पुस्तकांचं कपाट, टीव्हीचा टेबल असा त्यांचा प्रवास चालू राहतो. बाळ येशू २४ तारखेच्या रात्री गव्हाणीत येतो. त्याला ठेवण्याचा मान घरातल्या सगळ्यात लहानाचा. बाळाच्या दर्शनाला येणारे तीन ज्ञानी पुरुष मात्र ६ जानेवारीला पोहोचतात, तोवर ते पलीकडच्या खोलीतच.

रोजचं दोन मिनिटांचं काम, पण मुलं उठल्याउठल्या आधी तिकडे धावतात. विसरायलाही होतं. एकदा मरिया पुढे निघून गेली आणि योसेफ दोन दिवस बुटांच्या कपाटावर एकटाच उभा होता.

उतरवताना एक चिठ्ठी

दिव्यांची माळ पुठ्ठ्याच्या तुकड्यावर गुंडाळा, म्हणजे पुढच्या वर्षी गुंता होणार नाही. मूर्ती जुन्या मोज्यांत घाला. लागोपाठ दोन वर्षं खोक्याबाहेर न आलेल्या वस्तू ज्याला हव्यात त्याला देऊन टाका. (हिरव्या माळेचा नंबर आता लागेल.) सगळ्यात वर एक चिठ्ठी ठेवा: कोणती माळ गेली, काय जमलं नाही, पुढच्या वेळी काय करायचं. प्रत्येकाला त्यात एक ओळ लिहू द्या.

मागच्या डिसेंबरात खोकं उघडलं तेव्हा चिठ्ठीत माझ्या अक्षरात दिव्यांचा हिशोब होता. त्याखाली लेकीने लिहिलं होतं, ‘योसेफला घ्यायला विसरू नका.’