गुडघा बदलल्यावर तिसऱ्या महिन्यानंतर काय करायचं, जे डिस्चार्जच्या कागदावर नसतं

उजवा गुडघा बदलून मला आता चौदा महिने झाले. परवा मंडईत मेथीच्या जुडीवरून घासाघीस करताना अचानक लक्षात आलं की आपण चांगला अर्धा तास उभ्या आहोत आणि गुडघ्याची आठवणसुद्धा झाली नाही, असं पहिल्यांदाच झालं बरं का. म्हणून म्हटलं लिहून टाकावं, कारण ऑपरेशन ठरलं की जो तो सांगतो, अहो काही नाही हो, दुसऱ्या दिवशी चालवतात आणि दीड महिन्यात तुम्ही टुणटुणीत. दुसऱ्या दिवशी चालवतात हे खरंय, वॉकर धरून, टॉयलेटपर्यंत. टुणटुणीतचं मात्र सरळ वर्ष धरून चाला, आधी झालात तर देव पावला म्हणायचं.

पहिल्या सहा आठवड्यांवर मी जास्त लिहीत नाही कारण तेव्हा सगळेच तुमच्या मागे असतात, फिजिओ घरी येतो, सून गोळ्यांची डबी भरून ठेवते, बारा-चौदा दिवसांनी टाके काढतात, बर्फ, घोटा वर-खाली करणं, रक्त पातळ व्हायची गोळी, सगळं फाईलमध्ये लिहिलेलं असतं. ते मुकाट्याने करा. त्या काळातली एकच गोष्ट सांगते कारण तिचं भोगणं नंतर येतं, आणि ती म्हणजे उशी.

गुडघ्याखाली उशी ठेवू नका. ठेवली की लगेच बरं वाटतं, रात्री तर वाटतंच, आणि तिथेच आपण फसतो, कारण गुडघा त्याच थोड्याशा वाकलेल्या अवस्थेत आखडत जातो. उशी ठेवायचीच तर टाचेखाली, गुडघा मध्ये अधांतरी राहू दे. मी आंघोळीच्या टॉवेलची गुंडाळी करून टाचेखाली घ्यायचे, दिवसातून तीन-चार वेळा, दहा-दहा मिनिटं. दुखतं, खोटं कशाला बोलू. आपलं आपल्याला मोजायचं असेल तर गादीवर नको, कडक पलंगावर किंवा दिवाणावर पाय लांब करून बसा, टॉवेल काढा आणि गुडघ्याच्या मागे हात सरकवून बघा. माझा सुरुवातीला अख्खा पंजा आडवा जायचा, दुसऱ्या महिन्याच्या शेवटी दोन बोटं, आता बोट घालायला गेलं तर अडकतं.

भेटायला येणारा प्रत्येक जण विचारतो किती वाकतो, सरळ किती होतो हे एकानेही विचारलं नाही. खरं तर आधी सरळ होणं महत्त्वाचं, कारण पूर्ण सरळ झाला नाही तर उभं राहतानासुद्धा मांडीचा स्नायू सतत ताणून धरावा लागतो, तो थकतो, मग माणूस लंगडतो आणि त्या लंगडण्याचं बिल कंबर आणि दुसरा गुडघा भरतात. वाकण्याचं म्हणाल तर जिन्याला साधारण 90 अंश लागतात, हात न टेकता खुर्चीतून उठायला त्याहून थोडे जास्त, आणि 110-120 पर्यंत गेलात तर घरातलं बहुतेक सगळं जमतं. ऑपरेशनआधी किती वाकत होता त्यावरही बरंच असतं त्यामुळे शेजारणीच्या आकड्याशी बरोबरी करू नका. पण एक आहे, दीड-दोन महिने झाले तरी 90 ला पोचत नसेल तर होईल होईल म्हणत घरी बसू नका, सर्जनला दाखवा. भूल देऊन गुडघा मोकळा करतात तो प्रकार पहिल्या तीनेक महिन्यांत केलेला बरा, नंतर आतली चिकटलेली जागा कडक होत जाते.

आता मुख्य मुद्दा. तिसऱ्या महिन्याच्या आसपास काय होतं, फिजिओ बंद होतो, काठी सुटते, जखम छान दिसते, घरचे म्हणतात झालं की आता, आणि आपणही व्यायाम सोडतो. मीही सोडला. घरात पुतण्याचं लग्न होतं, पंधरा दिवस वेळच मिळाला नाही, निदान मी तसं स्वतःला सांगितलं. गुडघ्याचं हाड-सिमेंट सगळं जागच्या जागी असतं हो, पण ऑपरेशननंतर मांडीचा पुढचा स्नायू जो मरगळलेला असतो तो आपोआप परत येत नाही, तो मेहनतीनेच येतो आणि त्याला महिनोन्महिने लागतात. बरेचसे लोक ‘माझा गुडघा काही धड झाला नाही’ म्हणतात त्यातल्या कितीतरी जणांचा गुडघा ठीक असतो, मांडी झालेली नसते. हे माझं मत, पण माझ्या फिजिओचंही हेच आहे.

मला हे पटलं ते वजनकाट्यामुळे. घरातला साधा वजनकाटा ओट्यासमोर ठेवायचा, शेजारी तेवढ्याच उंचीचं पुस्तक किंवा पाट. ऑपरेशनचा पाय काट्यावर, दुसरा पाटावर, हात ओट्यावर नुसते टेकलेले, आणि नेहमीसारखं उभं राहायचं. मग दुसऱ्या कुणाला तरी आकडा वाचायला सांगायचा, आपण खाली वाकून बघायचं नाही कारण बघितलं की आपण चलाखी करतो. माझं वजन 68, म्हणजे त्या पायावर 34 च्या आसपास यायला हवेत, तर आले 23. मी शपथेवर सांगितलं असतं की मी दोन्ही पायांवर सारखी उभी आहे!

तर तिसऱ्या महिन्यानंतरचं माझं रोजचं काय ते सांगते. पाय लांब करून गुडघा खाली दाबायचा, मांडी कडक झाली पाहिजे, पाच आकडे मोजून सोडायचा, असं दहा-पंधरा वेळा, हे टीव्ही बघतानासुद्धा होतं. खुर्चीवर बसून पाय समोर सरळ करून धरायचा, खाली आणताना हळू आणायचा, धप्पकन सोडायचा नाही, खाली आणतानाच खरा व्यायाम होतो. आणि सगळ्यात भारी म्हणजे खुर्चीतून उठबस. जेवणाच्या टेबलाची उंच खुर्ची घ्या, सोफा नको, दोन्ही पावलं सारखी टेकवा (आपण नकळत चांगला पाय मागे ओढून सगळा भार त्याच्यावर टाकतो, मी आरशासमोर बसून ही चोरी पकडली), आणि मनातल्या मनात तीन मोजत उठा, तीन मोजत बसा. सुरुवातीला हात टेकून पाच वेळा, मग हात न टेकता, मग दहा. त्यानंतर बाल्कनीचा उंबरा, त्यावर ऑपरेशनचा पाय ठेवून चढायचं आणि परत उतरायचं, भिंतीला हात लावून. जिन्याचा नियम तुम्हाला शिकवलाच असेल, चढताना आधी चांगला पाय आणि उतरताना आधी दुखरा, पण तो कायमचा नियम नाही हे मला कुणी सांगितलंच नव्हतं, मी सहा महिने तसंच करत राहिले. फिजिओने हो म्हटलं की कठडा धरून एकाआड एक पाय टाकायला लागा, नाहीतर नवा गुडघा नुसता शोभेचा राहतो.

हे सगळं मी कालनिर्णयवर लिहायचे, त्या दिवशीच्या चौकोनात, उठबस 8, बोटं 2, काटा 27. एकादशी-चतुर्थीच्या मध्ये ते आकडे बघून नातू हसायचा. पण ज्या दिवशी वाटतं ना की काहीच फरक पडत नाहीये, आणि असे दिवस पाचव्या-सहाव्या महिन्यात भरपूर येतात, त्या दिवशी महिन्याचं पान मागे उलटायचं. कालच्या दिवसाशी तुलना केली तर रडू येतं, मागच्या महिन्याशी केली तर जेवण जातं.

किती करायचं हा प्रश्न असतोच. माझा नियम दुसऱ्या दिवशी सकाळचा. व्यायाम करताना किंवा नंतर तासभर दुखलं तर चालतं, पण दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा कालच्यापेक्षा सुजलेला आणि जास्त आखडलेला असेल तर आदल्या दिवशी जास्ती झालं, त्या दिवशी निम्मं करायचं. पूर्ण बंद नाही, निम्मं. त्याच लग्नात दोन दिवस उभी राहून तिसऱ्या दिवशी माझा गुडघा नारळाएवढा झाला होता आणि मी घाबरून डॉक्टरांकडे पळाले, निघालं काही नाही, पाय वर ठेवून झोपा आणि वीस मिनिटं बर्फ. फडक्यात गुंडाळून हं, डायरेक्ट कातडीवर नाही, आमच्याकडे फ्रीजरमधल्या मटारची पिशवी त्यासाठीच राखून ठेवली होती आणि एकदा आमच्या ह्यांनी तिचाच मटार-पनीर केला.

काही गोष्टींनी उगाच जीव घाबरतो. गुडघा हाताला गरम लागणं आणि संध्याकाळी थोडी सूज हे सहा महिने, कधीकधी वर्षभरही राहतं. व्रणाच्या बाहेरच्या बाजूला सुन्न पट्टा असतो, कारण कातडीला जाणीव देणारी एक बारीक नस त्या छेदात येतेच, तो पट्टा हळूहळू लहान होतो पण काहींचा थोडा कायम राहतो. चालताना टकटक आवाज येतो, आत धातू आणि त्यावर प्लास्टिकचा तुकडा आहे तर वाजणारच, न दुखता वाजत असेल तर वाजू द्या. आणि रात्रीची झोप, पहिले दोन-तीन महिने ती विसराच.

पण खालच्यातलं काही झालं तर फोन लावा, उद्यावर ढकलू नका. जखमेतून पाणी-पू येणं, ताप येऊन गुडघा लाल होणं, पोटरी एकदम सुजून दुखणं. धाप लागली किंवा छातीत दुखलं तर फोन वगैरे नाही, थेट हॉस्पिटल. नीट चाललेला गुडघा महिन्यांनंतर अचानक दुखायला लागला तरीही दाखवायचा. आणि कृपा करून गल्लीतल्या मेडिकलमधून अँटिबायोटिक घेऊन खाऊ नका, आधी गुडघ्यातलं पाणी काढून तपासायचं असतं, गोळ्या घेतल्या की त्या तपासणीत जंतू लपतात आणि मग सगळंच अवघड होतं. दात किडणं, लघवीचं इन्फेक्शन, पायाला चिघळलेली जखम, यांचे जंतू रक्तातून गुडघ्यापर्यंत जाऊ शकतात, ते पुढे कधीही, त्यामुळे दातांच्या डॉक्टरांना आधीच सांगून ठेवा आणि शुगर असेल तर ती ताब्यात ठेवा. मालिशवाल्या मावशींना तर दारातूनच परत पाठवा, गरम तेलाने रगडून घेण्याची ही जागा नाही. जखम पूर्ण भरल्यावर, डॉक्टरांना विचारून, व्रणावर खोबरेल तेलाचं बोट हलकं फिरवा, तेवढं पुरे. दुखण्याच्या गोळ्याही मनाने महिनोन्महिने चालू ठेवायच्या नाहीत, किडनीवर येतं.

मांडी घालून बसणं हा आपल्याकडचा खरा प्रश्न. बहुतेक सर्जन नको म्हणतात, उकिडवं तर नकोच. आम्ही सत्यनारायण टेबलावर मांडला आणि खुर्चीवर बसून केला, गुरुजींनी काहीही म्हटलं नाही, ते स्वतःच खुर्चीवर होते. तरीपण जमिनीवरून उठायला शिकून ठेवा, बसायचं म्हणून नाही, कधी पडलो तर उठता यावं म्हणून. जवळ खुर्ची ओढून तिच्यावर हातांनी भार घेत कसं उठायचं ते फिजिओसमोर घडी घातलेल्या गोधडीवर एक-दोनदा करून घ्या, एकट्याने प्रयोग नको. एसटीची पहिली पायरी फार उंच असते, तिथे अजूनही मी कंडक्टरला थांबा म्हणते आणि चांगला पाय आधी टाकते, लाजायचं काय त्यात.

दुसऱ्या गुडघ्याबद्दल. माझे दीर हॉस्पिटलात येऊन म्हणाले, अहो वहिनी, वाजपेयींनी पंतप्रधान असताना दोन्ही बदलून घेतले, तुम्ही एकाला काय घाबरता. खरंय, पण त्यांचा डावा 2000 च्या ऑक्टोबरात झाला आणि उजवा 2001 च्या जूनमध्ये, दोन्ही ब्रीच कँडीत, डॉ. चित्तरंजन राणावत यांनी केले, म्हणजे मध्ये आठ महिने गेले की! काहींचे दोन्ही एकदम करतात, ते हार्ट वगैरे बघून डॉक्टर ठरवतात. माझा डावा सध्या कुरकुरतोय, पण उजव्याची मांडी तयार झाल्यापासून त्याची कुरकुर कमी झालीये त्यामुळे मी घाई करत नाहीये. आणि हेही सांगून ठेवते, साधारण पाचातला एक जण वर्षानंतरही फारसा समाधानी नसतो, सगळं नीट करूनसुद्धा. तसं झालं तर आपलंच चुकलं म्हणून गप्प बसू नका, सर्जनकडून कारण शोधून घ्या, दुसऱ्याचं मत घ्यायलाही हरकत नाही.

वर्ष झाल्यावर एक्स-रे काढायला जायचं, दुखत नसलं तरी, कारण आतला भाग सैल होत असेल तर सुरुवातीला कळतंच असं नाही. आणि जाताना फाईल उघडून बघा, त्यात इम्प्लांटचे स्टिकर चिकटवलेले असतात, कंपनी, साईज, नंबर सगळं असतं. त्याचा फोटो काढून मुलाला पाठवून ठेवा, पुढे कधी काही करायची वेळ आली तर डॉक्टर पहिलं तेच मागतात. माझ्या फाईलमधला एक स्टिकर निघून सासूबाईंच्या चष्म्याच्या बिलाला चिकटला होता, सापडायला दोन दिवस गेले.