तरफ शिकवताना सूत्र शेवटी

साधी यंत्रे हा धडा मी फळ्यावर सुरूच करत नाही. आधी लॅपटॉपवर ‘फेट’ या विज्ञानाच्या संकेतस्थळावरचं ‘बॅलन्सिंग ॲक्ट’ उघडते, म्हणजे सी-सॉसारखी फळी स्क्रीनवर तोलून बघायचा खेळ. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाचं आहे, फुकट आहे आणि एकदा उतरवून घेतलं की नेट लागत नाही. आमच्याकडे हेच मोठं!

फळीच्या एका बाजूला मधल्यापासून तिसऱ्या खुणेवर 20 किलोच्या विटा ठेवा. दुसऱ्या बाजूला 15 किलोच्या. कुठे? इथे घाई नको. आधार काढायचं बटण दाबण्याआधी प्रत्येकाचा अंदाज वहीत लिहून घ्या, नाहीतर पोरं नुसती टिचक्या मारत बसतात. चौथ्या खुणेवर फळी आडवी राहते. 20 गुणिले 3, 15 गुणिले 4, दोन्हीकडे 60. हे तुम्ही सांगू नका. आणखी काही जोड्या लावल्या की कुणीतरी ओरडतंच, “बाई, गुणाकार सारखा येतोय!”

मग स्क्रीन बंद, आणि अडकित्ता बाहेर. सुपारी आधी खिळ्यापासून लांब, मग खिळ्याजवळ धरून कातरायला लावा. जोरातला फरक हाताला लगेच कळतो. (बोटं सांभाळा, शेजारी मोठं माणूस हवंच.) टेकू (खिळा) टोकाला, भार (सुपारी) मध्ये: दुसऱ्या प्रकारची तरफ. चिमटा कोणत्या प्रकारात बसतो, ते घरून शोधून आणू दे.