एअरस्पीडचे प्रकार कसे समजून घ्यावेत: नागपूरच्या उन्हात उडायला शिकणाऱ्यांसाठी

मे महिन्यातल्या दुपारी नागपूरच्या सोनेगाव विमानतळाच्या धावपट्टीवर उतरताना नव्या पायलटला एक गोष्ट हमखास जाणवते. जमीन नेहमीपेक्षा जोरात मागे पळते, वेगाचा काटा मात्र ६० नॉटवरच (तासाला ६० नॉटिकल मैल) असतो. अशा वेळी हात आपोआप थ्रॉटल मागे घेतो किंवा नाक वर उचलतो, कारण डोळे सांगत असतात की आपण फार वेगात आहोत. ही धोक्याची जागा आहे. एअरस्पीडचे प्रकार नेव्हिगेशनच्या पेपरात मार्क मिळवायला पाठ करतातच सगळे, पण त्यांचा खरा उपयोग या क्षणी होतो. म्हणून ते पाठ न करता, विमानापासून सुरुवात करून क्रमाने समजून घेऊ. आकडे सेस्ना १५२ चे घेतले आहेत. तुमचं विमान वेगळं असेल तर त्याचं हँडबुक उघडून शेजारी ठेवा.

पहिली पायरी: काटा नेमकं काय मोजतो ते पाहा

प्री-फ्लाइटला डाव्या पंखाखाली वाका. पुढे तोंड करून बसलेली छोटी नळी म्हणजे पिटो ट्यूब. फ्रेंच अभियंता आंरी पितो यांनी १७३२ मध्ये सीन नदीच्या प्रवाहाचा वेग मोजायला अशी नळी वापरली, तिचं नाव त्यांच्यावरूनच पडलं. आता पुढे या. इंजिनच्या मागे, विमानाच्या डाव्या अंगाला खालच्या बाजूला एक बारीक भोक दिसेल. तो स्टॅटिक पोर्ट. पिटोत समोरून आदळणाऱ्या हवेचा एकूण दाब जातो, स्टॅटिकमध्ये आजूबाजूच्या शांत हवेचा. एअरस्पीड इंडिकेटर एवढंच करतो: पहिल्यातून दुसरा वजा करतो आणि उरलेल्या दाबावर काटा हलवतो.

म्हणजे डायलवर नॉट लिहिलेले असले तरी आत वेग कुठेच मोजला जात नाही, दाब मोजला जातो. वर्धा रोडवर दुचाकीचा वेग दुप्पट केला की छातीवरचा वारा चौपट ढकलतो, तोच हा दाब: हवेची घनता गुणिले वेगाचा वर्ग, त्याचं अर्धं. घनता मोजायची सोय इंडिकेटरमध्ये नाही. ती समुद्रसपाटीवर १५ अंश सेल्सियसला असते तेवढी, म्हणजे घनमीटरला १.२२५ किलो, आहे असं धरूनच डायल आखलेली असते. पुढचे सगळे प्रकार या एका गृहीतकातून जन्माला येतात.

इथेच थोडं थांबून त्या भोकांकडे नीट बघा. आपल्याकडे कुंभारीण माशी कुठल्याही भोकात चिखल भरून घर करते, आणि पिटो ट्यूब तिला अगदी मापाची असते. ६ फेब्रुवारी १९९६ ला बिर्गेनएअरचं बोईंग ७५७ पुएर्तो प्लाताहून निघाल्यावर समुद्रात कोसळलं आणि १८९ जण गेले. एक पिटो ट्यूब बंद झाली होती आणि तपासात संशय अशाच माशीच्या घरावर आला. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला एरोपेरूचं विमान कोसळलं, ७० जण गेले. धुताना स्टॅटिक पोर्टवर लावलेली चिकटपट्टी काढायची राहिली होती. म्हणून विमान उभं असताना पिटोवर कव्हर हवंच, आणि निघताना ते काढलेलं हवं. पिटोत तोंडाने फुंकर मारू नका, आतला नाजूक भाग बिघडतो. भोक तुंबलेलं दिसलं तर काडी घालू नका, इंजिनिअरला बोलवा.

टेक-ऑफच्या धावेत काटा हलायला लागला की मोठ्याने म्हणा: एअरस्पीड अलाइव्ह. हलला नाही, तर तिथेच थांबायचं.

दुसरी पायरी: डायलवरचा आकडा आणि त्याचे रंग

काटा दाखवतो तो इंडिकेटेड एअरस्पीड, म्हणजे आयएएस. सेस्ना १५२ मध्ये पांढरा पट्टा ३५ ते ८५ नॉट, फ्लॅप्स (पंखामागच्या खाली झुकणाऱ्या पट्ट्या) वापरायची हद्द. हिरवा ४० ते १११, नेहमीच्या उड्डाणाचा, पिवळा १११ ते १४९, तो फक्त शांत हवेत. १४९ वर लाल रेघ, ती कधीच ओलांडायची नाही. मे महिन्यात दुपारची हवा उकळत असते, त्यामुळे पिवळ्या पट्ट्याकडे न गेलेलंच बरं. मनुव्हरिंग स्पीड, म्हणजे ज्याच्या वर कंट्रोल एकदम पूर्ण हलवायचे नाहीत तो वेग, डायलवर रंगवलेला नसतो. तो पूर्ण वजनाला १०४ नॉट आहे, आणि तो पाठच हवा.

हे सगळे आकडे आयएएसमध्ये का? कारण पंखालाही घनतेशी वेगळं देणंघेणं नाही, त्याला तोच दाब लागतो जो काटा मोजतो. त्यामुळे तेवढ्याच वजनाला, पंख सरळ असताना, विमान समुद्रसपाटीवर ज्या आयएएसला स्टॉल होतं (पंखाची उचल तुटते), जवळजवळ त्याच आयएएसला ते ८००० फुटांवरही होतं. वजन वाढलं किंवा वळण घेतलं की हा आकडा वाढतो (६० अंशांच्या वळणात सुमारे ४१ टक्क्यांनी), पण ऊन वाढल्याने वाढत नाही. हे वाक्य दोनदा वाचा.

तिसरी पायरी: काट्याची खोट काढा

हळू उडताना नाक वर असतं, त्यामुळे पिटोत हवा तिरकी शिरते आणि स्टॅटिकजवळचा दाबही बदलतो. ही चूक आणि उपकरणाची स्वतःची किंचित चूक काढली की मिळतो कॅलिब्रेटेड एअरस्पीड, सीएएस. हँडबुकच्या पाचव्या विभागात त्याचा तक्ता आहे. सेस्ना १५२ मध्ये फ्लॅप्स वर असताना काट्यावर ४० म्हणजे सीएएस ४६ नॉट, ६० म्हणजे ६०, ९० म्हणजे ८८, १०० म्हणजे ९७.

फरक सगळ्यात मोठा कुठे आहे बघा: स्टॉलच्या जवळ. काटा ४० दाखवतो म्हणून विमान ४० नॉटला उडतंय असं समजू नका. वळणातल्या स्टॉलचा हिशेब करायचा असेल तर आधी आयएएसचा सीएएस करा, मग गुणाकार. आयएएसवरच गुणाकार केला की उत्तर चुकतं. परीक्षेत तर चुकतंच.

इक्विव्हेलंट एअरस्पीड, थोडक्यात

फार वेगात हवा पिटोत दाबली जाते आणि दाब जास्त दिसतो. ही दुरुस्ती केली की इक्विव्हेलंट एअरस्पीड, ईएएस. ढोबळ हद्द १०,००० फूट आणि २०० नॉट, त्याखाली ती दुरुस्ती सोडून द्या. पण ती किती असू शकते हे कळायला नागपूरच्या डोक्यावरून जाणारी विमानं उपयोगी पडतात. स्टँडर्ड हवेत ३५,००० फुटांवर माक ०.७८ ने (ध्वनीच्या वेगाच्या ०.७८ पट) चाललेल्या एअरबस ए३२० चा सीएएस सुमारे २६४ नॉट, ईएएस २५०, आणि हवेतला खरा वेग ४५०. एकच विमान, एकच क्षण.

चौथी पायरी: खरा वेग काढा

ट्रू एअरस्पीड, टीएएस, म्हणजे आजूबाजूच्या हवेच्या तुलनेत विमान खरोखर किती वेगाने पुढे सरकतंय. हवा विरळ झाली की तेवढाच दाब मिळवायला जास्त वेगाने जावं लागतं. त्यामुळे उंचीबरोबर आणि उन्हाबरोबर टीएएस आयएएसच्या पुढे पळतो. आपल्या भागात उन्हाचा वाटा उंचीपेक्षा मोठा असतो, आणि पुस्तकातली उदाहरणं १५ अंशांची असल्याने ते लक्षात येत नाही.

सोनेगावचंच गणित करू. एअरपोर्टची उंची सुमारे १०३० फूट. समजा दुपारी तापमान ४५ आणि क्यूएनएच (समुद्रसपाटीला आणलेला हवेचा दाब) १००३.

१. १०१३ मधून १००३ वजा, उरले १० हेक्टोपास्कल. एकाला साधारण ३० फूट, म्हणजे ३०० फूट. प्रेशर अल्टिट्यूड (अल्टिमीटर १०१३ वर लावला की दिसणारी उंची) झाली १३३०.
२. त्या उंचीला स्टँडर्ड तापमान किती? १५ अंशांतून हजार फुटांना दोन अंश कमी: सुमारे १२. आजचं तापमान त्यापेक्षा ३३ अंश जास्त.
३. प्रत्येक अंशाला १२० फूट: सुमारे ३९५०. बेरीज ५२८०.

विमान धावपट्टीवर उभं आहे आणि त्याच्या दृष्टीने ते ५००० फुटांच्या वर आहे. याला डेन्सिटी अल्टिट्यूड म्हणतात. आता डेन्सिटी अल्टिट्यूडच्या प्रत्येक हजार फुटांना टीएएस साधारण दीड टक्क्याने वाढवा. हजार फुटांना दोन टक्के हा नियमही सगळीकडे सांगतात, पण तो ढोबळ आहे आणि नुसत्या उंचीवर लावायचा असतो. डेन्सिटी अल्टिट्यूडवर दोन टक्के लावले की उत्तर फुगतं. इथे वाढ येते ८ टक्के: ६० नॉट सीएएसला ६५ नॉट टीएएस.

जानेवारीच्या सकाळी, १२ अंश आणि क्यूएनएच १०१६ असताना, हेच ६० नॉट जेमतेम ६१ होतात. फरक चारच नॉटचा वाटेल. पण थांबवायची असते ती ऊर्जा, आणि ती वेगाच्या वर्गाने वाढते. मे महिन्यात चाकं टेकताना विमानात जानेवारीपेक्षा सुमारे १४ टक्के जास्त ऊर्जा असते. सोनेगावची धावपट्टी तीन किलोमीटरहून लांब आहे, ती हे पोटात घेते. छोट्या धावपट्टीवर मात्र हँडबुकमधला लँडिंगचा तक्ता तापमानासकट वाचूनच जा. टेक-ऑफचा तर नक्कीच, कारण तिथे इंजिन आणि प्रॉपेलरही विरळ हवेत थकतात.

उडताना टीएएस काढायला फ्लाइट कॉम्प्युटरची चकती पुरते: प्रेशर अल्टिट्यूड आणि बाहेरचं तापमान समोरासमोर आणा, सीएएससमोर टीएएस वाचा. प्रेशर अल्टिट्यूड बघायला अल्टिमीटर क्षणभर १०१३ वर नेला, तर लगेच परत क्यूएनएच लावा. विसरलात आणि क्यूएनएच १००३ असेल, तर अल्टिमीटर खऱ्यापेक्षा ३०० फूट जास्त दाखवत राहील.

पाचवी पायरी: फायनलवर डोळ्यांना आवरा

आता सुरुवातीच्या दुपारकडे. फ्लॅप्स वर असताना अप्रोच ६० ते ७० नॉट आयएएस, फ्लॅप्स खाली असताना ५५ ते ६५. जानेवारीतही तेच, मे महिन्यातही तेच. ऊन आहे म्हणून पाच नॉट वाढवू नका, जमीन पळते म्हणून पाच कमीही करू नका. जमीन पळते ती टीएएसमुळे, आणि मागून वारा असेल तर आणखी पळते. स्टॉल मात्र काट्यावरच्या आकड्याला होतो. जमिनीकडे बघून वेग कमी करत गेलात तर बेस टू फायनलच्या, म्हणजे धावपट्टीकडे तोंड करायच्या शेवटच्या वळणात, कमी उंचीवर, सावरायला जागा नसताना विमान हातातून जातं.

काट्यांऐवजी डिजिटल पडदे असलेल्या विमानांत धोका थोडा वेगळा आहे. तिथे आयएएसच्या जवळपासच टीएएस आणि ग्राउंडस्पीड लिहिलेले असतात. फायनलवर नजर भलत्या आकड्यावर स्थिरावू शकते. इन्स्ट्रक्टरसोबत पार्किंगमध्ये बसून कोणता आकडा कुठे आहे ते बोट ठेवून दाखवा, मगच उडा.

सहावी पायरी: वारा मिळवा, ग्राउंडस्पीड काढा

ग्राउंडस्पीड हा एअरस्पीड नव्हे, पण वेळ आणि इंधन त्याच्यावर ठरतं. नागपूरहून गोंदियाचं बिरसी एअरपोर्ट घ्या, सरळ रेषेत साधारण ७५ नॉटिकल मैल, ईशान्य-पूर्वेला. ५५०० फूट प्रेशर अल्टिट्यूड, बाहेर ३२ अंश, काट्यावर ९०. सीएएस ८८. डेन्सिटी अल्टिट्यूड येते ८९०० च्या आसपास, टीएएस १०० नॉट. समजा वारा पश्चिमेकडून आहे आणि त्याचा १५ नॉट भाग पाठीशी मिळतो. जाताना ११५ नॉट, ३९ मिनिटं. येताना तोच वारा तोंडावर: ८५ नॉट, ५३ मिनिटं. काटा दोन्ही वेळा ९० वरच. परतीचं इंधन जातानाच्या मिनिटांवर कधीच मोजू नका. चढाईचा वेळ आणि राखीव इंधन यात अजून धरलेलं नाही, ते वेगळं मिळवा.

हवामान खात्याचा वारा हा अंदाज असतो, म्हणून तो वाटेत तपासायचा. उंची गाठून विमान स्थिर झालं की नकाशावरच्या एका ठळक खुणेवर घड्याळ सुरू करा, आणि वाटेतलं तुमसर शहर डाव्या हाताला आलं की थांबवा. समजा दोघांत २१ मैल आहेत. ११५ नॉटला ११ मिनिटं लागायला हवीत. १२ लागली तर ग्राउंडस्पीड १०५ आहे, पाठीचा वारा १५ नव्हे, ५ नॉट आहे. तुमसरपासून बिरसीचे उरलेले साधारण ३३ मैल मग १७ नव्हे, १९ मिनिटांत होतील. नवी वेळ लॉगमध्ये लिहा, रेडिओवर कळवा, आणि परतीचा ग्राउंडस्पीडही याच नव्या वाऱ्याने पुन्हा मांडा.